सरजाबाईच्या गाईची काचपट्टी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की अडखळतो. मित्रांनो, माझा जन्मभराचा उद्योग दुसऱ्याला दाखवण्याचा. डोळा लावणारा पाहतो, कागदावर लिहितो आणि निघून जातो. मला काय वाटले हे कुणी विचारत नाही, आणि ते योग्यच असेल. काचेला कसले वाटणे? तरीही एका गाईची गोष्ट माझ्यातून जात नाही. ती नीट सांगता येईल याची मला खात्री नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझे नळकांडे पितळेचे आणि पाय ओतीव लोखंडाचा. अंबाल्याच्या एका कारखान्यात मला जोडले, घासले, सागवानी पेटीत बसवले. पोटाखाली एक वाटोळा आरसा आहे. विजेचा दिवा मला नाही. खिडकीतून जेवढे ऊन येईल तेवढेच तो आरसा वर फेकतो, म्हणून ढगाळ दिवशी मी जवळजवळ आंधळाच.

माझी पहिली वर्षे जुन्या जिल्ह्याच्या गावी, जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर गोचीडतापाचा अभ्यास करत. गोचीड तुम्ही पाहिली असेल. जनावराच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली चिकटून रक्त पिते आणि एरंडाच्या बीसारखी फुगते. ती रक्त पिते ते दिसते. पिता पिता ती एक जंतू आत सोडते, तो दिसत नाही. तो पाहण्यासाठी मी. त्या डॉक्टरांनी माझ्यातून पाहून पाच जाड वह्या भरल्या होत्या.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. गावोगाव पेढे वाटले गेले, आणि कचेऱ्यांत सामानाची वाटणी सुरू झाली. कपाटे किती, खुर्च्या किती, टंकयंत्रे किती, हे दोन भावांनी घर वाटून घ्यावे तसे मांडले गेले. मी नव्या जिल्ह्याच्या वाटणीला आलो. वह्या जुन्या जिल्ह्याकडे राहिल्या. वही आणि काच एकमेकांपासून तोडू नयेत, असे तेव्हा कुणाला वाटले नाही. मलाही वाटले नव्हते. मला नव्या गावाची उत्सुकता होती.

लातूरहून मला एसटीने, मांडीवर धरून, धानोरवाडीला आणले ते निवृत्तीने. धानोरवाडी कंधारच्या अंगाला, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. दवाखाना दोन खोल्यांचा. निवृत्ती तिथला ड्रेसर, म्हणजे जनावरांच्या जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा माणूस. वय पंचेचाळीसच्या आसपास. बोलताना खाली पाहायचा. कागद मात्र कसलाही दिसला तरी वाचायचा, भज्यांचा पुडासुद्धा सोडून सरळ करून. डॉक्टर वीरण्णा यांच्याकडे तीन दवाखान्यांचा भार होता. ते आठवड्यातून दोन दिवस येत. त्यांनीच निवृत्तीला माझी विद्या शिकवली. जनावराच्या कानाच्या टोकाला टोचायचे, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, धुवायचा आणि माझ्याखाली ठेवायचा. महिन्याभरात निवृत्तीची नखे कायमची जांभळी झाली. तो मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. गावकरी मला दुर्बीण म्हणत. "दुर्बिणीत बघून सांग रे," असे म्हणत ते वासरे घेऊन येत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

त्यानंतर दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी विहिरी आटल्या, दुसऱ्या वर्षी कडबा संपला. जनावरांसाठी गावाबाहेर, पाझर तलावाच्या कोरड्या पात्रात छावणी उघडायचे ठरले. त्याआधी वरच्या कार्यालयातून एक पत्र आले. छावणीत हजारभर जनावरे एकत्र येणार, तेव्हा या भागात गोचीडतापाचे प्रमाण किती आहे ते दोनशे जनावरांचे रक्त तपासून कळवावे. सोबत छापील तक्ता होता. त्यात गाव, तपासलेली जनावरे, जंतू आढळले, आढळले नाहीत, एवढेच रकाने होते.

निवृत्तीने तीन आठवडे दुसरे काही केले नाही. उन्हातून गावे फिरला आणि दोनशे काचपट्ट्या आणल्या. ऊन खिडकीत असेपर्यंत तो माझ्यावर वाकून बसे. शेवटी मोजणी झाली. दोनशेपैकी शहाऐंशी जनावरांच्या रक्तात जंतू होता. आणि ती शहाऐंशी जनावरे, सगळी लाल कंधारी आणि देवणी या इथल्या गावरान जातींची, धडधाकट होती. कुणी गाडी ओढत होते, कुणी पाणी वाहत होते. खुराक कमी म्हणून बरगड्या दिसत, एवढेच.

"साहेब, हे काय समजायचं?" निवृत्तीने विचारले.

वीरण्णा घाईत होते. "हाय तसं लिहून पाठवा. समजायचं काम वरच्यांचं."

वरून उत्तर आले की प्रमाण मोठे असले तरी रोग सौम्य दिसतो, वेगळ्या व्यवस्थेची गरज नाही.

त्याच दिवसांत सरजाबाई आपली गाय घेऊन दवाखान्यात आली. सरजाबाई बौद्ध वाड्यातली. नवरा नाही, जमीन नाही, रोजगार हमीवर खडी फोडायची. सरकारी योजनेतून भूमिहीनांना संकरित गाई मिळाल्या, त्यात तिला एक काळी-पांढरी गाय मिळाली होती. ती लांबच्या एका फार्मावर, सिमेंटच्या गोठ्यात वाढलेली. सरजाबाईने तिचे नाव बांडी ठेवले. त्या घराला मालकीचे जनावर मिळण्याची ती पहिलीच वेळ. बांडी सात महिन्यांची गाभण होती.

"निवरतीभाऊ, तुमच्या दुर्बिणीत माझी गाय बघा की एकडाव."

"काय झालंय अक्का तिला?"

"तिला कशाला काय हुईल? होऊ नये म्हणून आणलंय. रोज सांजच्याला अंगावरून हात फिरवते. एक गोचीड दिसली तर चिमट्यानं काढून चुलीत टाकते. सून म्हणती, आत्याबाई, माझ्या डोक्यातल्या उवा कधी अशा बघितल्या न्हाईत!"

निवृत्ती हसला. तो क्वचित हसे. त्याने बांडीच्या कानाचे रक्त घेतले आणि खिडकीशी बसला. मित्रांनो, ती काचपट्टी मला आजही आठवते. तांबड्या पेशींची रांगोळी, गोल, स्वच्छ. एकीतही ठिपका नाही. निवृत्तीने पट्टी इकडून तिकडे सरकवली, पुन्हा पाहिली, आणि मान वर केली.

"अक्का, तुमची गाय साफ हाय. अख्ख्या शिवारात इतकं साफ रक्त न्हाई."

"साफ ना? मंग छावणीत बांधू?"

"बांधा की. काही भ्या न्हाई."

मी जे होते तेच दाखवले होते. निवृत्तीने जे दिसले तेच सांगितले होते. मग आमची चूक कुठे झाली, याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षे करत राहिलो.

छावणी सुरू झाली तेव्हा मलाही तिथे नेले. चिंचेच्या झाडाजवळ एक तंबू होता, त्याच्या दाराशी टेबल मांडून मला ठेवले. समोर दावणीच्या रांगा. पहिल्या रांगेला चिंचेची सावली होती, आणि तिच्यात सटवाजीची लाल कंधारी बैलजोडी उभी होती. सटवाजी गावातला मोठा शेतकरी, बैलांवर जीव टाकणारा आणि तोंडाचा फटकळ.

सरजाबाई बांडीला घेऊन आली. रांगेत सटवाजीच्या बैलांशेजारी एक खुंटा मोकळा होता.

"ए सरजा, ती सरकारी गाय तिकडं पार कडंला ने," सटवाजी म्हणाला. "आमच्या बैलांत नको."

"का बरं नको?" तंबूच्या दारातून निवृत्तीने विचारले.

"का म्हंजे? तुला सगळं इस्कटून सांगावं लागतंय व्हय?"

सरजाबाईने दावे हातात गुंडाळले. "ऱ्हाऊ द्या भाऊ. त्या टोकाच्या बाभळीखाली बांधते. तिला एकटीची सवय हाय."

निवृत्ती बाहेर गेला. आयुष्यात तो कुणापुढे मोठ्याने बोलला नव्हता.

"सटवाजीराव, तुमच्या दोन्ही बैलांच्या रक्तात जंतू हायेत. मी डोळ्यांनी बघितलेत. अक्काच्या गाईच्या रक्तात एकबी न्हाई. कडंला बांधायचंच तर तुमचे बैल बांधा."

हशा उसळला. सटवाजीही हसला, पण कानशिले लाल झाली.

"बघा, बघा! आता ही दुर्बीण आमच्या बैलाची जात काढून राहिली! बांध बाई, बांध. तुझी गाय शहाणी, आमचे बैल रोगी."

बांडी पहिल्या रांगेत, सावलीत, कंधारी बैलांशेजारच्या खुंट्याला बांधली गेली. सरजाबाईने पदराने तोंड पुसले. त्या दिवशी निवृत्तीने मला दोनदा पुसले. मला त्याचा अभिमान वाटला. आजही मी त्या क्षणाकडे पाहतो तेव्हा तो चुकीचे वागला असे माझ्याने म्हणवत नाही. एका बाईला केवळ ती कोण आहे म्हणून टोकाला लोटले जात होते, आणि तो आडवा उभा राहिला. फक्त ज्या काठीचा त्याने आधार घेतला, ती आतून पोकळ होती.

तलावाच्या पात्रात दगड होते, दगडांत भेगा होत्या. बैलांच्या अंगावर फुगलेल्या गोचिड्या खाली पडत आणि त्या भेगांत शिरत. तिथून पुन्हा वर चढत, शेजारी जे अंग मिळेल त्यावर. सरजाबाई संध्याकाळी खडी फोडून आली की बांडीच्या अंगावरून हात फिरवायची. पण घरच्या अंगणातली एक गोचीड आणि इथल्या शंभर, त्यांना एक चिमटा कसा पुरावा?

तिसऱ्या आठवड्यात बांडीने छावणीतले उसाचे वाढे खाणे सोडले. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. ताप एकशे सहा. खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी, लिंबाएवढी गाठ आली. सटवाजीनेच ती आधी पाहिली आणि आपणहून गाठीवर बिब्ब्याचा डाग दिला. बैलांना तो तसाच करी. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. गाय चांगली होती, हे त्यालाही कळत होते.

वीरण्णा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी गाठीत सुई घालून पाणी काढले, काचपट्टी करवली आणि स्वतः माझ्यावर वाकले.

"निवृत्ती, हिचं रक्त तुम्ही आधी बघितलं होतं ना?"

"बघितलं साहेब. साफ होतं."

"साफ होतं म्हणूनच." त्यांनी चष्मा काढला. "आपली गावरान जनावरं वासरू असताना हा ताप अंगावर काढतात. मग जंतू रक्तात राहतो, पण त्यांना मारत नाही. ही सिमेंटवर वाढली. हिनं लहानपणी गोचीड बघितलीच नाही. हिच्या रक्ताला त्याची वळखच न्हाई. सगळ्यात आधी हिलाच वेगळं ठेवायला पायजे होतं. जुन्या जिल्ह्याच्या दवाखान्यात, त्या वह्यांत हे सगळं लिहिलेलं होतं. मी तिथं शिकाऊ असताना वाचलं होतं. तुमच्या तक्त्याच्या वेळी मला आठवलं न्हाई."

निवृत्ती म्हणाला, "मीच तिला मधी बांधायला लावलं साहेब."

वीरण्णांनी पिवळ्या औषधाची सुई दिली. वेळेवर दिली तर कधी लागू पडते, असे ते म्हणाले. या तापावरचे खरे औषध आणि लस आमच्याकडे यायला अजून काही वर्षे होती. बांडी पाच दिवस पडून राहिली. निवृत्ती तिच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून बसे. चौथ्या दिवशी पोटातले वासरू गेले, पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. सटवाजीने आपल्याच बैलांना जुंपून तिला छावणीबाहेर ओढून नेले. तो त्या दिवशी कुणाशी फटकळ बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई तंबूत आली. ती भांडेल असे निवृत्तीला वाटले असावे. भांडली असती तर त्याला बरे वाटले असते.

"भाऊ, ते काय हाय ते मला दाखवा."

त्याने गाठीची काचपट्टी माझ्याखाली ठेवली आणि आरसा फिरवला. सरजाबाई वाकली. कष्टाचा, उन्हाने बारीक झालेला डोळा माझ्या काचेला लागला. तिचा श्वास मला कळत होता.

"जांभळं जांभळं हाय. टिकल्यावानी."

"तेच ते अक्का."

"एवढंसं?" ती पाहतच राहिली. "हे सटवाजीच्या बैलातबी हाय?"

"हाय."

"मंग त्ये उभे कसे?"

"त्यांना लहानपणीच होऊन गेलं. त्यांचं अंग वळखतंय त्याला."

सरजाबाईने डोळा काढला आणि सरळ झाली.

"म्हंजे मी रोज गोचीड काढून जाळली, त्येच चुकलं?"

"न्हाई अक्का, न्हाई. तुमचं काही चुकलं न्हाई. माझं चुकलं. साफ म्हंजे धोक्यात, हे मला कळलं न्हाई."

ती म्हणाली, "तुम्ही मला मधी बसवलं भाऊ. ते मी इसरणार न्हाई. पर पुढं कुणाला बसवताना आधी त्याचं काय हुईल त्ये बघा." आणि ती खडी फोडायला निघून गेली. तिची पाळी दुपारची होती.

निवृत्तीने त्या आठवड्यात एक नवा तक्ता केला. छापील रकान्यांच्या पुढे पट्टीने रेघ मारून त्याने दोन रकाने वाढवले. जनावर कोणत्या जातीचे, आणि ते कुणाचे. छावणीत सहाशेच्या वर गावरान जनावरे होती. त्यांतले एकही गोचीडतापाने मेले नव्हते. संकरित गाई नऊ होत्या. सहा मेल्या. त्या सहाही घरांना जमीन नव्हती. प्रत्येक घरी जनावर म्हणून तेवढे एकच होते. सगळ्यांत पसरलेला रोग मारत होता तो फक्त त्यांच्या दारात. दोनशे काचपट्ट्या पाहूनही हे मला दिसले नव्हते, कारण ते काचेवर नव्हतेच. ते विचारावे लागते.

निवृत्तीने सोबत अर्ज लिहिला की संकरित गाईंसाठी छावणीत वेगळी, दगड नसलेली जागा आखावी आणि छावणीत येणाऱ्या सगळ्या जनावरांवर आधी गोचिडीचे औषध फवारावे. दीड महिन्याने उत्तर आले. विहित नमुन्यातील रकान्यांव्यतिरिक्त माहिती पाठवू नये. तोवर उरलेल्या तिघींपैकी आणखी दोघी गेल्या होत्या.

त्यानंतर तो फार बोलेनासा झाला. पण एक गोष्ट त्याने सोडली नाही. दवाखान्यात कुणी संकरित गाय आणली की रक्त पाहून झाल्यावर तो विचारी, "कुठून आणली? गोठा कसला? शेजारी कुणाची जनावरं?" लोक वैतागत. "दुर्बिणीत दिसंना म्हणून हा तोंडानं तपासून राहिला," असे म्हणत. तो ऐकून घेई.

दुष्काळ सरला. पुढे तो निवृत्त झाला आणि गावी गेला. जाताना मला पुसून पेटीत ठेवले, पण पेटीचा कडी-कोयंडा तुटलेला होता. दवाखान्यात विजेवर चालणारा नवा सूक्ष्मदर्शक आला. माझ्या काचेत बुरशीचे जाळे धरले. काही वर्षे मी औषधांच्या रिकाम्या खोक्यांखाली होतो. शेवटी मला निकामी ठरवून तुमच्या शाळेला दिले. आता तुम्ही माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवता आणि अंधुक दिसते म्हणून कुरकुरता. तुमची तक्रार खरी आहे.

मित्रांनो, मला काचेची काळजी घ्या असे सांगायचे नाही. माझे दिवस गेले. पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता संकरित गाय आहे. आज संध्याकाळी तिच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली हात घालून पाहा. नवी गाय आणलीत तर तिला जुन्या जनावरांत लगेच बांधू नका. डॉक्टरांना आधी लसीचे विचारा. खांद्यापुढे गाठ दिसली तर डाग देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पाचव्या दिवशी नेलेल्या जनावराकडे पाहणे फार कठीण असते.

आणि कधी तुमच्यावर मोजायचे काम आले, रोग असो की आणखी काही, तर किती जणांना आहे एवढे लिहून उठू नका. कुणाला सोसते आणि कुणाला सोसत नाही, तेही विचारा. छापील कागदावर त्याला जागा नसेल तर रेघ मारून करा. कुणी तो कागद परत पाठवला तर पुन्हा पाठवा. निवृत्तीने एकदाच पाठवला. मला वाटते, त्याने दुसऱ्यांदा पाठवायला हवा होता. पण तो लाजाळू माणूस होता, आणि मी तर काय, एक काच. आम्ही दोघेही गप्प बसलो, आणि नवव्या गाईचे पुढे काय झाले, ते आम्हाला कुणी सांगितले नाही.